रविवारचा दसरा

प्रिय दत्तादादा,

आज सकाळी मी तुझी शपथ मोडली. तीसुद्धा कुठे, तर ज्या झाडाखाली उभा राहून तू दर वर्षी वहिनींना फोन लावायचास, तिथेच! दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्यापेक्षा मीच कळवलेलं बरं, म्हणून लिहायला बसलोय.

रूमवर आत्ता कुणी नाही. बाकीचे चौघे अजमानच्या कॉर्निशवर, समुद्रकाठी, फिरायला गेलेत. कागद आपल्या स्टोअरमधल्या जुन्या डिलिव्हरी नोटचे आहेत, पाठकोरे. हसू नकोस. बारा वर्षांत तुला पत्र लिहायची वेळ कधी आली होती का? तू खालच्या बेडवर, मी वरच्या. मान खाली घालून हाक मारली की काम झालं. आता तुझ्या बेडवर एक नवीन माणूस आलाय. तोही घोरतो, पण तुझी सर नाही.

तर आज आपला दसरा होता. खरा दसरा मधल्या वारी होऊन गेला, वर्कशॉपमध्ये दिवसभर खिडक्यांच्या फ्रेमा कापत. पण आपण तो कधी त्या दिवशी केलाय? इकडे सणाला सुट्टी कोण देतो! "देवाला कळतं रे, आपला ऑफ रविवारी असतो ते," असं तू म्हणायचास. गणपती रविवारी, दिवाळी रविवारी, दसरा तर हमखास रविवारी. आणि तो आपण डोंगरातल्या त्या वादीत जाऊन करायचो. वादी म्हणजे दरी. तू शेवटपर्यंत वाडीच म्हणालास, मीही दुरुस्त करायचं सोडून दिलं.

तुला ती जागा सापडली तो दिवस आठवतो? तिथल्या एका अरबाच्या मळ्यातल्या घराला खिडक्या बसवायला कंपनीने तुला पाठवलं होतं. संध्याकाळी आलास तो बूटही न काढता सांगत सुटलास. "महेशा, अरे तिथे पाट आहे! दगडी पाट, आपल्यासारखा! पाणी खळखळ वाहतंय, बाजूला लिंबं आहेत, आंबा आहे. बोरीचं झाड तर एवढं!" मी म्हटलं, झालं, दादाला ऊन लागलं. वाळवंटात बोर कुठली? पण पुढच्या रविवारी तू मला शफीभाईच्या पिकअपमध्ये घालून नेलंसच. शफीभाई तिकडच्या मळ्यांतून भाजी आणायला पहाटे जायचा, त्याला सोबत हवीच होती. "यल्ला दत्ताभाई, जल्दी!" असा खाली उभा राहून ओरडायचा. आणि खरंच, पाट होता. बोरही होती.

मग तू दोन सायकली जमवल्यास. जुन्या बाजारातून एकीची फ्रेम आणलीस, दुसरीची चाकं आणलीस. वर्कशॉपमधल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यांचे मडगार्ड केलेस आणि त्यांना खिडकीला मारतात तसे रिव्हेट मारलेस. सगळे हसले. मीही हसलो. चाळिशीत सायकल काय, म्हटलं. तू पन्नाशीत बसलास आणि पहिल्या चढावर मला मागे टाकलंस, मेल्या.

वाळू संपून डोंगर सुरू होतात तिथे ते घाफचं झाड. तू पानं बघितलीस, काटे बघितलेस आणि मला टपली मारलीस. "ही शमी आहे रे येड्या! आमच्या देवळामागे आहे." मी फांदीला हात घालायला गेलो तर केवढ्याने ओरडलास! इथे ते झाड तोडायची बंदी आहे, दंड होतो, हे तुला बरं माहीत. मग तू वाळूत बसून खाली पडलेली बारीक पानं वेचलीस, मूठभर, आणि माझ्या हातावर ठेवलीस. "सोनं घे, सोन्यासारखा राहा." मी पाया पडायला वाकलो तर म्हणतोस, "पुरे, पुरे. चेनला तेल लाव आधी."

झाडाच्या पलीकडे दुसऱ्या अमिरातीची पाटी. ती ओलांडली की तू घंटी वाजवायचास. सीमोल्लंघन! पण त्याआधी वहिनींना फोन, कारण पाटीच्या पुढे रेंज जाते. "शालन, झाडाकडे पोचलो गो. चाललो आता." वहिनी तिकडून काय म्हणायच्या ते मला ऐकू यायचं नाही, पण तुझा चेहरा बघून कळायचं.

त्या दरीने आपल्याला किती प्रकारचे रविवार दिले, दादा. ऑक्टोबरात पहिला गारवा लागला की नुसतं चालत सुटायचं, सायकली मळ्यात टाकून. डिसेंबर-जानेवारीत डोंगरावर पाऊस झाला की कोरड्या दगडांतून एकाएकी पाणी यायचं. आपण पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून त्यात उभे राहायचो, दोन घोडे! मार्चमध्ये बोरं. जूनपासून उजाडायच्या आत जायचं आणि आठाच्या आत परत फिरायचं, नाहीतर ऊन खलास करील. तेव्हा खजूर पिवळा झालेला असायचा. मळा राखणारा चाचा आपल्याला तो अर्धा कच्चा खजूर खायला द्यायचा आणि तू तोंड वाकडं करून "बहुत अच्छा चाचा" म्हणायचास.

आता मूळ गोष्टीवर येतो. टाळत होतो, तुला कळलंच असेल.

सुरुवात माझ्यापासून झाली, हे मला मान्य आहे. मागच्या डिसेंबरात उतारावरच्या खडीत माझी सायकल घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर घालून रूमवर आलो आणि पहिलं काय केलं? तुझे पाय धरले. "दादा, रेश्माला सांगू नकोस. ती गावात रडत बसेल, माझ्या आईला सांगेल, दोघी मिळून देवाला कौल लावतील." तू म्हणालास, "बायको आहे ती तुझी." मी म्हटलं, "म्हणूनच." मग सहा आठवडे तू माझा कॅमेरामन झालास. मोबाईल माझ्या नाकाजवळ धरायचास, म्हणजे हात दिसायला नको. रेश्मा म्हणाली, "हल्ली फार जवळून बोलता हो! नाकातले केस मोजता येतील." तू मोबाईलमागे तोंड दाबून हसत होतास. केवढे हसलो होतो आपण त्या रात्री!

आणि मार्चमध्ये तू ते वसूल केलंस.

चढ अर्धा झाला होता. मी पुढे होतो. मागून घंटी ऐकू येईना म्हणून वळून बघितलं तर तू बोरीखाली बसलेला, हात छातीवर, शर्ट घामाने भिजलेला. गारवा होता त्या दिवशी, दादा. घाम यायचं काही कारणच नव्हतं. चाचा तांब्या घेऊन धावला. तुझा चेहरा बघून तो मला म्हणाला, "इसको हॉस्पिटल ले जाओ. अभी." तू म्हणालास, "ॲसिडिटी है चाचा." दहा मिनिटांनी उठलास, दोन बोरं तोंडात टाकलीस, आणि परतताना पिकअपमध्ये माझा प्लॅस्टरमधून सुटलेला हात धरलास. "तुझं मी लपवलं ना? मग आता माझी पाळी. शालनला यातलं एक अक्षर कळता कामा नये. तिला कळलं तर ती मला परत बोलावून घेईल. घे शपथ." "मग डॉक्टरकडे जाशील?" "जाईन. सुट्टीवरून आलो की, इन्शाल्ला."

तुझं ते इन्शाल्ला! त्या शब्दाचा बिचाऱ्याचा काही दोष नाही. शफीभाई म्हणतो तेव्हा तो ते काम करतोच. आपल्या लोकांनी मात्र तो टाळाटाळीला ठेवलाय. पण मी शपथ घेतली. का घेतली? तू मोठा म्हणून? की माझं पितळ तुझ्या हातात होतं म्हणून? खरं सांगू, ते पितळच कारण. तू वहिनींना फोनवर माझ्या मनगटाबद्दल एक शब्द बोलला असतास तर रेश्माला कळायला दोन दिवस लागले नसते. मी माझी कातडी वाचवली, दादा.

मे महिन्यात तू गावी जाऊन आलास. आंब्याची पेटी आणलीस, फणसाचे गरे आणलेस. मी विचारलं, "डॉक्टर?" तू म्हणालास, "अरे, एकदम फिट." आणि मी विश्वास ठेवला. ठेवायचाच होता ना मला.

जुलैमधला तो रविवार तर डोक्यातून जात नाही. तू म्हणालास, आज सायकल नको, चालू या. मग चालतानाही दहा पावलांवर थांबलास आणि पाटात पाय सोडून बसलास. आणि मी काय म्हणालो? "म्हातारा झालास रे दादा! आता काठी आणून देतो." तू हसलास. मी एकटाच वर गेलो, डोहापर्यंत, शिट्टी वाजवत. परत आलो तेव्हा तू तसाच बसला होतास, पाण्यात बोटं हलवत. का गेलो मी वर? तुझ्या शेजारी बसलो असतो तर काय झालं असतं? कदाचित बोलला असतास.

ऑगस्टात, कामाच्या दिवशी, सकाळी कंपनीच्या बसने खाली हॉर्न दिला. तू बेडवर बसून बूट घालत होतास. एका बुटाची लेस बांधून झाली होती. मी म्हटलं, "चल रे, ड्रायव्हर बोंबलतोय." तू वर बघितलंस आणि तसाच आडवा झालास. ॲम्ब्युलन्स लवकर आली. पण तुझं सगळं त्याच्याही आधी आटोपलं होतं.

मला तुझ्याबरोबर यायची रजा मिळाली नाही. कागदपत्रं केली, सह्या घेतल्या, तुझी बॅग भरली. विमानापर्यंत पोचवलं असंही म्हणता येत नाही, कारण गेटच्या आत सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. रडणं संपून घसा बसलेला. त्यांनी एकच विचारलं. "भाऊजी, त्यांना आधी काही त्रास होत होता का ओ?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. एकदम अचानक."

दोन महिने हे वाक्य माझ्या पोटात आहे. जेवताना आहे, स्टोअरमध्ये स्क्रू मोजताना आहे. खोटं तर आपण इकडे सगळेच बोलतो. जेवलो, झोपलो, तब्येत मस्त, एसी चालू आहे, साहेब चांगला आहे. पण त्या बाईला हे खोटं सांगायला नको होतं, दादा. तिचा हक्क होता त्याच्यावर.

आज शफीभाईने झाडाजवळ सोडलं. माझी एकच सायकल उतरवली. तो खांद्यावर हात ठेवून गेला. मी पानं वेचायला बसलो. वेचून मूठ भरली आणि द्यायची कुणाला ते कळेना. तेवढ्यात मोबाईल वाजला. शालन वहिनी!

"भाऊजी, झाडाकडे पोचलात काय?"

पोचलो, म्हटलं. त्या म्हणाल्या, "दर वर्षी ह्याच टायमाला त्यांचा फोन यायचा. आज सकाळपासून मोबाईल हातात घेऊन बसलेय. म्हटलं, येणार नाही, तर आपणच करावा." आणि मग मी सगळं सांगितलं. बोर, घाम, चाचा, शपथ, माझं प्लॅस्टर, सगळं. एका दमात. म्हटलं, "वहिनी, मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या. मला माहीत होतं आणि मी तुमच्याशी खोटं बोललो."

वहिनी म्हणाल्या, "मलाही माहीत होतं."

दादा! काय केलंस हे तू?

मे महिन्यात गावी वहिनींसमोरच तुला तसा घाम फुटला, आणि तालुक्याच्या डॉक्टरने तुझा कार्डिओग्राम काढला. पुढच्या तपासण्या आठ दिवसांत करा म्हणाला. वहिनी तुझ्याबरोबर होत्या. तू त्यांना सांगितलंस, तिकडे कंपनीचा इन्शुरन्स आहे, तिकडेच करतो. आणि वर शपथ घातलीस, महेशला सांगायचं नाही. का? तर "महेशला कळलं तर तो माझी सायकल काढून घेईल, वाडीत नेणार नाही." त्या दर रविवारी विचारायच्या, झाली का तपासणी? आणि तू म्हणायचास, पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला. "भाऊजी, दोनदा तुमचा नंबर लावला मी," वहिनी म्हणाल्या, "आणि रिंग जायच्या आत कट केला. शपथ होती ना. त्या दिवशी तुम्हाला विचारलं ते म्हणूनच विचारलं. वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल तर निदान दोघं मिळून रडू. तुम्ही नाही म्हणालात. मग मीपण गप्प बसले."

म्हणजे बघ. अर्धं त्यांच्याकडे, अर्धं माझ्याकडे, आणि मधे तू दोघांच्या तोंडावर हात ठेवून उभा. वहिनींचा एक फोन आला असता तर मी तुला उचलून हॉस्पिटलात नेलं असतं, लाथ मारून नेलं असतं! तुझी सायकल काढून घेतली असती? हो, घेतली असती! वर्षभर घेतली असती, आणि मग पाटावर बसून दोघांनी खजूर खाल्ला असता. एवढी काय ती दरी प्यारी होती तुला? जिवापेक्षा?

रागावलोय मी तुझ्यावर. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू देत.

वहिनी मात्र तुझ्यावर रागावल्या नाहीत. "त्यांना तिथे बरं वाटायचं ओ," एवढंच म्हणाल्या. "रविवारच्या फोनवर आवाज वेगळा असायचा त्यांचा. तो आवाज बंद होईल म्हणून मीपण फार ताणलं नाही." मग आम्ही दोघंही रडलो. रस्त्यावरून एक गाडी आली, हळू झाली, मी हात करून पुढे जायला सांगितलं.

नंतर मी पाटी ओलांडली. घंटी वाजवली नाही. मळ्यात चाचा पाटाची घाण काढत होता. मला बघून उठला, माझ्या मागे रस्त्याकडे बघत राहिला. "बड़ा भाई पीछे है?" मी सांगितलं. तो हातातलं फावडं धरून तिथेच खाली बसला. "मैंने बोला था," म्हणाला. "उस दिन मैंने बोला था." मग उठून त्याने तांब्या भरून आणला आणि मला जबरदस्तीने प्यायला लावला. तू बसायचास त्या दगडावर बसून मी ते पाणी प्यायलो. बोर आत्ता फुलावर आहे, सगळीकडे मधमाश्या. मार्चपर्यंत धरेल.

फोन ठेवताना वहिनींनी एक विचारलं, ते मुद्दाम शेवटी लिहितोय. म्हणाल्या, "भाऊजी, आता तुमचं सांगा. रेश्माला तुम्ही काय काय सांगितलेलं नाही?"

पकडला गेलो, दादा. प्लॅस्टरचं तर तुला माहीत आहे. पण तुलाही एक माहीत नव्हतं. मला साखर निघालीय. दीड वर्ष झालं. गोळ्या मी स्टोअरच्या कपाटात ठेवतो, स्क्रूच्या डब्यामागे. तुझ्यापासूनही लपवलं, कारण तुला कळलं असतं तर तू मला खजूर खाऊ दिला नसतास. बघ, तुझ्यापेक्षा मी कुठे शहाणा! वहिनींना सांगितलं, तर म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? गप्प राहून दोन महिने माझं काय झालं ते ऐकलंत ना? तिला सांगा."

म्हणून आता माझं वचन ऐक. हे पान संपलं की मी रेश्माला व्हिडिओ कॉल लावणार आहे. मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून लांब ठेवणार, म्हणजे दोन्ही हात दिसतील. मनगट अजून जरा वाकडं आहे, ते दाखवणार. गोळ्यांचं पाकीट आज स्टोअरची चावी मागून घेऊन आलोय, तेही दाखवणार. ती ओरडेल, रडेल, आईला सांगेल, कौल लावतील. लावू देत. आणि ह्या आठवड्यात छातीचीही तपासणी करून घेतो. रिपोर्ट तिलाही पाठवीन आणि वहिनींनाही.

तुझी सायकल मी कुणाला दिलेली नाही. आजची पानं तिच्या घंटीखाली खोचून ठेवलीत. पुढच्या वर्षी रविवारच्या दसऱ्याला झाडाकडून वहिनींना फोन मी लावीन, त्यांना वाट बघायला लावणार नाही.

इन्शाल्ला म्हणत नाही, दादा. आत्ता लावतो.

तुझ्या वरच्या बेडवरचा,
महेश